एकाच पानाची आज्ञा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा माझ्या प्रबंधातलं फक्त ४७ वं पान आडवं छापायचं होतं, त्यावर रुंद तक्ता आहे. प्रबंध टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलाय; टेक मांडलेली पानं डीव्हीआय नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. त्या फाइलचं पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राला पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा) करणाऱ्या रूपांतरक प्रोग्रामला 'स्पेशल' आदेशातून तशी आज्ञा दिली. ४७ वं पान नीट आलं, पण पुढची सगळी आडवीच! शाई गेली ती गेलीच.

दोष नक्की कुणाचा? टेकमधला 'स्पेशल' आदेश टेक स्वतः वाचतच नाही, जसाच्या तसा डीव्हीआयमध्ये ठेवतो. अर्थ लावायचा रूपांतरकाने. (निरोप्याने पाकीट न फोडावं, तसं.) आता पोस्टस्क्रिप्टमध्ये बदललेली कागदाची मांडणी कुणी पुन्हा बदलेपर्यंत तशीच राहते. म्हणून पानापुरती आज्ञा पान संपताच मागे घ्यायला हवी.

पानं उलट्या क्रमाने किंवा निवडून छापली तर गुंता वाढतो. रंगाचंच घ्या. पाचव्या पानावर सुरू झालेला लाल रंग सातव्यावरही हवा असेल, आणि मी फक्त सातवंच छापलं तर? डीव्हीआयपीएस हा असाच एक रूपांतरक प्रत्येक पानाच्या आरंभी कोणता रंग चालू होता याची नोंद ठेवतो. हीच काळजी कागदाच्या दिशेबाबत माझ्या रूपांतरकाने घेतली असती तर!

आपला,
एक प्रबंधलेखक