स्कॅनचे चित्र पेशंटच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची आक्का ७४ वर्षांची. गेल्या श्रावणात ती सारखी म्हणू लागली, भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन मध्येच वाकडे दिसतात. आम्ही चष्मा बदलून दिला, मोतीबिंदूच्या शिबिरालाही नेऊन आणले. निघाले डोळ्याच्या पडद्याचे दुखणे: वयोमानाने मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला होणारा आजार, त्यातला ओला प्रकार. पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात.

महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने डोळ्यात झाली. तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या, तशी 'आता कशाला हेलपाटे?' म्हणून आक्का दोन महिने गेलीच नाही. मग ओसीटी स्कॅन झाला, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र काढले. हनुवटी टेकवून दिव्याकडे बघायचे, पाचेक मिनिटांचे काम. सुई नाही, एक्स-रे नाही. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. भाकरी फुगली की पापुद्रा सुटतो, तसा पडदा एका जागी उचललेला, खाली काळी पोकळी. ते पाणी. तक्त्यावर ती तेवढेच वाचत होती, पाणी मात्र परत साठले होते. पुढचे इंजेक्शन चार आठवड्यांनी द्यायचे की आठ, हे ठरवताना डॉक्टर हेच पाणी बघतात.

पुढे मुलाच्या सोयीने कोल्हापूरला दाखवले. पहिला प्रश्न, 'जुने स्कॅन कुठे आहेत?' आमच्या फायलीत इंग्रजीतली एक ओळ आणि पैशांची पावती! पहिल्या दवाखान्यात मागायला गेलो, तर 'सिस्टीममध्ये आहे' एवढेच उत्तर. नवा स्कॅन काढला, तो दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) छापून येते खरी, पण मोजताना तळाची रेषा कोणत्या थरावर धरायची, हे मशीनगणिक बदलते. आकड्याला आकडा लावून उपयोग नाही. जुने चित्र असते, तर पाणी वाढले की घटले, हे तरी डॉक्टरांना दिसले असते.

सीमाभागातला पेशंट एका दवाखान्याला बांधलेला नसतो. निपाणीचा कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला नाहीतर हुबळीला. रिपोर्ट कन्नडात असो की मराठीत, त्यावरून भांडण नाही. पण ज्या स्कॅनचे पैसे घेतलेत, त्याचे चित्र तारीख, डावा-उजवा डोळा आणि मशीनचे नाव घालून हातात द्या. व्हॉट्सॲपवर टाकले तरी चालेल.

आक्काचा पुढचा स्कॅन येत्या सोमवारी आहे. पेनड्राइव्ह घेऊन जाणार आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर