२५ तासांवरून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विमान सरळ पश्चिमेला यायचं सोडून नॉर्वेकडे कशाला चढतं, हे रविवारी फोनवर मला नीट सांगता आलं नाही. कपाटावरचा माझा शाळेतला पृथ्वीगोल खाली काढा. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकेल आणि नॉर्वे, आइसलंड करत ग्रीनलंडच्या शेपटाजवळून खाली येईल. तीच जवळची वाट, साधारण १२,५०० किलोमीटरची. सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारून तीच दिशा धरली, तर दीड हजारावर किलोमीटर जास्त पडतात.

इकडे यायला १६ तास, तिकडे जायला १५ च्या आसपास. एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. पुण्याला येताना तो माझ्या पाठीशी असतो.

पण माझा हिशोब दारापासून दारापर्यंतचा असतो. घरून विमानतळ एक तास, तिथे तीन, विमानात पंधरा, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दीड, मग एक्सप्रेस वे, बोरघाट, चांदणी चौक, कोथरूड असे चार. २५ तास धरा.

आई, तू सोमवारी रात्री ९ ला पडलीस, तेव्हा इथे सकाळचे ११:३० वाजले होते. मंगळवारी व्हिडिओ कॉलवर तू उजवा हात पदराखाली धरून बसली होतीस आणि चहाचा कप डाव्या हाताने उचललास. तेव्हाच मला कसंसं झालं होतं. प्लास्टरचं तुम्ही सांगितलंत बुधवारी संध्याकाळी. "तू एवढ्या लांबून काय करणार होतीस, उगाच जिवाला घोर," असं बाबा म्हणाले. सोमवारी रात्रीच कळलं असतं आणि संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली असती, तर बुधवारी पहाटे मी दारात उभी असते. तुमचा फोन यायच्या कितीतरी आधी.

मला राग आलेला नाही. पण दोन दिवस आईची वेणी कोणी घातली, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

तुमचे दोन्ही नंबर मी असे लावलेत की फोन सायलेंटवर असला तरी वाजेल. इथे रात्रीचे तीन असोत, मीटिंग असो, लावा. काय करायचं ते मी ठरवेन, पण मला कळू दे.

जूनचं तिकीट थेट विमानाचंच काढते. मध्ये उतरून सात-आठ तास खुर्चीत बसणं आईच्या कमरेला झेपणार नाही. व्हीलचेअरही सांगून ठेवते. बाबा, नको म्हणू नका.

प्लास्टर काढायला कधी बोलावलंय, ते लगेच कळवा.

तुमची,
मनू