रोजच जीव तोडून पळणे नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात पहाटे धावणाऱ्या तरुणांची वर्दळ पाहून आनंद होतो. मात्र त्यांतील अनेक जण रोजच जीव तोडून पळतात आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत सातव्या किलोमीटरलाच ढेपाळतात. मीही अनेक वर्षे हेच करीत असे.

यावर उपाय म्हणजे टेम्पो रन हा सराव. श्वास जड होतो पण धाप लागत नाही, दोन-चार शब्द बोलता येतात पण गप्पा मारता येत नाहीत, अशा वेगात सलग 20 ते 40 मिनिटे धावणे म्हणजे टेम्पो रन. जोरात धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टेट या पदार्थाचा शरीर ज्या वेगापर्यंत निचरा करू शकते, ती मर्यादा या सरावाने वर सरकते आणि पूर्वी दमवणारा वेग अधिक काळ पेलवतो. आधी 10-15 मिनिटे सावकाश धावून आठवड्यातून एकदा हा सराव केला तरी पुरे. वेग दाखवणारे महागडे घड्याळ नसले तरी अडत नाही. राजहंसगडाच्या चढावर तर वेग न पाहता श्वासाकडेच लक्ष द्यावे.

सैन्यभरतीच्या 1600 मीटरसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी छोटे, वेगवान टप्पेही धावावे लागतात, हे मुलांना सांगणारे कोणीतरी मैदानावर हवे.

– एक वाचक, बेळगाव