अभ्या, स्पर्धेत उतर. पण कुठल्या, ते बघून

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय अभ्या,

तुझा मेसेज सकाळी वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर आपला निम्मा वेळ फुटबॉलमध्ये जातो, म्हणून लिहायलाच बसलो. तू विचारलंस, डीजेच्या स्पर्धेत उतरण्यात काही अर्थ आहे का. घरचे म्हणतात पैसे वाया जाणार, चाकणची पोरं म्हणतात त्यापेक्षा रील टाक. माझं मत आधीच सांगून टाकतो: उतर. फक्त बक्षिसावर डोळा ठेवून उतरू नकोस, आणि मिळेल त्या स्पर्धेचा फॉर्म भरू नकोस.

इथली परिस्थिती तू बघितली आहेस. कोल्हापुरात वाजवणाऱ्याचं पोट हळद, वरात, रिसेप्शन, कॉलेजचं गॅदरिंग आणि गणपती यांच्यावर चालतं. मिरवणूक पापाच्या तिकटीला आली की चर्चा कशाची? डॉल्बी कुणाची, बेस किती लावलेत, लाईट कुठली. कन्सोलवर कोण उभा होता आणि तो एका गाण्यातून दुसऱ्यात कसा शिरला, हे कुणी विचारत नाही. हळदीला तर गाणं रंगात येतंय तोवर कुणीतरी मोबाईल पुढं करून 'भावा, हे लाव' म्हणतो. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला सगळं बंद; बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, दवाखान्याशेजारी राहणाऱ्यालाही झोप लागतेच. पण आपल्यासारख्याला कान देऊन ऐकणारा माणूस मिळतो कुठं? समोर तीन परीक्षक बसलेत, तेही स्वतः वाजवणारे, आणि ते तुझ्या क्रॉसफेडरवरच्या (एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारी सरकपट्टी) बोटाकडे बघताहेत, असं या पट्ट्यात दुसरीकडे कुठंच घडत नाही. म्हणून मी स्पर्धेच्या बाजूचा.

डीएमसीची गोष्ट तुला अर्धवट माहीत असेल. ती डीजेंची जागतिक स्पर्धा १९८५ ला सुरू झाली, आणि तेव्हा ती गाणी एकात एक मिसळण्याचीच होती. १९८६ ला डीजे चीझ नावाच्या अमेरिकन गड्यानं तिथं स्क्रॅच करून, म्हणजे तबकडी हातानं मागंपुढं घासून आवाज काढून दाखवलं आणि तोच जिंकला. तिथून पुढं त्या स्पर्धेचा रंगच बदलला. सेट, म्हणजे एकाची वाजवायची पाळी, सहा मिनिटांचा, त्यात जे काय दाखवायचं ते दाखवा. १९९७ ला मॉन्ट्रियलचा ए-ट्रॅक पंधराव्या वर्षी जगज्जेता झाला. पुढं तो कान्ये वेस्टचा टूर डीजे झाला आणि २००७ ला त्यानं फूल्स गोल्ड हे लेबल काढलं. म्हणजे स्पर्धेनं दार उघडतं, हे खोटं नाही. पण त्याच वेळी शिकागोचा फ्रँकी नकल्स आठव. १९७७ पासून तो वेअरहाऊस नावाच्या एकाच क्लबात रात्ररात्र वाजवत होता आणि हाऊस, म्हणजे एकसारख्या चार ठोक्यांवर नाचायचं संगीत, तिथं घडलं, तेही डीएमसी सुरू व्हायच्या आधी. त्याचे परीक्षक म्हणजे समोर नाचणारी माणसं. या दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि तुला दोन्ही लागणार आहेत.

आता सहा मिनिटं म्हणजे किती, ते बघ. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीला, बत्तीस ठोक्यांची एक फ्रेज बरोबर पंधरा सेकंदांची होते. म्हणजे सहा मिनिटांत चोवीस फ्रेज. तू मला पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पहिलं गाणं नुसतं सुरू व्हायलाच चार फ्रेज गेल्या. घरी वाजवताना ते चालतं, स्पर्धेत तेवढ्यात सहावा भाग संपलेला असतो. पाटीवर चोवीस रकाने आखून प्रत्येकात काय घडणार ते लिहायला बसलास की कुठलं गाणं नुसतं आवडतं म्हणून ठेवलंय आणि कुठलं खरंच काही काम करतंय, ते आपोआप कळतं. स्पर्धेतून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. तारीख ठरलेली असते, त्यामुळं 'पुढच्या महिन्यात करू' म्हणता येत नाही.

आणि एक मनापासून सुचवतो. हलगी घे. मुंबई-पुण्याच्या स्टेजवर पाच जण तेच ड्रॉप (गाणं एकदम जोरात फुटतं ती जागा) वाजवणार, सहावा तू कशाला? हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं आपण लहानपणापासून ऐकतोय. आपल्या कित्येक चाली सहा मात्रांच्या असतात: मोठे ठोके दोन, प्रत्येकाच्या पोटात तीन-तीन. हाऊसचा किक, म्हणजे बेस ड्रमचा जड ठोका, चार-चारचा. दोन्ही सरळ एकावर एक ठेवलेस तर नुसता गोंधळ होतो. पण हलगीचा मोठा ठोका किकवर बसव, म्हणजे तीन मात्रांना एक किक. मग हलगीची बारीक काडी हाय-हॅटच्या (झांजेचा बारीक आवाज) जागी ट्रिपलेटसारखी, एका ठोक्यात तीन अशी, पळायला लागते आणि अंगावर काटा येतो. अडचण एकच: वाजवणारा माणूस आहे, रंगात आला की लय चढवत नेतो. सॉफ्टवेअर आपोआप बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, टाकतं ते दोन फ्रेजमध्ये घसरतं. ग्रिड हातानं बसव, नाहीतर चार-चार बारचे छोटे लूप (परत परत फिरणारे तुकडे) काप. लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर विसंबू नकोस. आणि रेकॉर्डिंग करशील तेव्हा हलगीवाल्याला त्याची बिदागी दे, स्टेजवर त्याचं नाव घे. ते राहिलं तर मला आवडणार नाही.

कुठली स्पर्धा नको, तेही सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात असे कार्यक्रम बघितलेत की स्पर्धकाकडून प्रवेश फी घ्यायची, वर त्यालाच तिकिटं खपवायला द्यायची, आणि ज्यानं जास्त खपवली तो फायनलला. एका ठिकाणी निकाल लाईक मोजून लागला. चांगला हात असलेला एक पोरगा तिथं पहिल्याच फेरीत गेला, कारण त्याच्या गावात नेटवर्क नव्हतं आणि त्याला मित्रमंडळी गोळा करता आली नाहीत. त्यानंतर त्यानं कंट्रोलर, म्हणजे वाजवायचं मशीनच, विकला. मला अजून त्याचा राग येतो, अभ्या. अशा ठिकाणी कला हरत नाही, पण कलाकार खचतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी विचार: परीक्षक कोण, गुण कशाला, आधी रेकॉर्ड केलेला सेट चालतो का, सेटचं रेकॉर्डिंग आपल्याला मिळतं का. रेड बुल थ्रीस्टाईल या डीजेंच्या जागतिक स्पर्धेत पंधरा मिनिटांत निदान तीन प्रकारचं संगीत वाजवायची अट होती आणि गुण कशाकशाला ते ठरलेलं असायचं. गाण्यांची निवड, नवेपणा, हात, स्टेजवरचा वावर, लोकांचा प्रतिसाद. असं काही लिहून देत नसतील तर पैसे भरू नकोस.

स्टेजवर कुठलं मशीन आहे तेही विचारून ठेव. तू घरी दोन चॅनेलच्या कंट्रोलरवर हात बसवलायस. तिथं वेगळे प्लेअर आणि वेगळा मिक्सर असेल तर लॅपटॉपचा स्क्रीन समोर नसतो. पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून ने, जुन्या प्लेअरला एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचता येत नाही. एकावर भागवू नकोस, दोन ने. उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या साऊंडवाल्याकडे तसे प्लेअर आहेत. मंगळवारी गोडाऊन रिकामं असतं, तो हात मारू देईल.

एवढं करून तू पहिल्या फेरीत बाहेर पडलास तरी मला वाईट वाटणार नाही, पण तुला वाटेल, हे माहीत आहे. गंगावेश तालमीतला पोरगा खासबागेत उतरतो आणि चितपट झाला तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मातीत जोर मारायला हजर असतो. स्पर्धेनंतरच्या आठवड्यात तू कुठं वाजवणार आहेस, ते आधीच ठरवून ठेव. सहा मिनिटं कसून बसवता येतात, पण चार तासांच्या रिसेप्शनला खुर्चीवर बसलेल्या मावश्यांचे पाय कधी हलायला लागले ते ओळखायला रिसेप्शनच वाजवावं लागतं. वर्षाला एक चांगली स्पर्धा, आणि बाकी वेळ मिळेल ती ऑर्डर, अगदी पहिल्या तासाचं कुणी न ऐकणारं वाजवणंसुद्धा. पैसे कमी मिळाले तरी ती घे. तुझी नोकरी आहे तोवर तुला हे परवडतं, माझ्यासारख्याला सीझनमध्ये स्पर्धेसाठी ऑर्डर सोडणं जड जातं.

तू म्हणतोस त्या स्पर्धेची नियमावली मला पाठव, मी ओळीनं ओळ वाचतो. दिवाळीला येशील तेव्हा चोवीस रकान्यांचा कागद घेऊन ये, कंट्रोलर घरी ठेवलास तरी चालेल. हलगीचं रेकॉर्डिंग आपण दोघं मिळून करू. आमच्या गल्लीतल्या मामांना विचारून ठेवलंय, ते तयार आहेत. काकूंना नमस्कार सांग, आणि फीचे पैसे वाया जाणार नाहीत हे माझ्या नावानं सांग.

तुझा,
सुज्या