आधी लस, मग चिप : कुत्रीचा जर्मनी प्रवास रद्द झाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमची चिंगी सात वर्षांची गावठी कुत्री. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लू असताना सापडली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. २८ मे रोजी ती माझ्याबरोबर म्युनिकला येणार होती आणि तिच्या लसी, तपासण्या, कागदपत्रं हे सगळं काम मी तुमच्या कंपनीकडे दिलं होतं. मी एकटीच आले.

५ जानेवारीला तुमच्या डॉक्टरांनी घरी येऊन तिला रेबीजची लस दिली. कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची चिप शिल्लक नव्हती म्हणून ती २० जानेवारीला बसवली. आधी चिप नको का, असं मी तेव्हाच विचारलं होतं. "पुढे-मागे झालं तरी चालतं," असं मला सांगण्यात आलं.

चालत नाही. चिपच्या आधी दिलेली लस युरोपियन युनियन धरतच नाही, कारण ती याच कुत्रीला दिली हे सांगणारा नंबर तेव्हा तिच्या अंगात नसतो. रक्ततपासणीत लसीमुळे तयार झालेल्या अँटिबॉडी ०.५ आययू/मिली या लागणाऱ्या किमान पातळीच्या वर आल्या होत्या, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही. २० मे रोजी तिला परदेशी नेण्याच्या सर्टिफिकेटसाठी मुंबईच्या जनावरांच्या क्वारंटाईन ऑफिसात गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही तारखा बोट ठेवून दाखवल्या. चार महिने फाईल तुमच्याकडे होती, पण त्या तारखा कुणी ताडून पाहिल्या नाहीत.

आता सगळं पहिल्यापासून. २२ मेला पुन्हा लस दिली. त्यानंतर ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सप्टेंबरअखेर. त्यातही माझ्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागेच तिला नेता येतं, त्यामुळे नव्या नोकरीत रजा मागून मला परत यावं लागणार. तोवर ७२ वर्षांच्या माझ्या आईला तिला दोन वेळा जिना उतरवून फिरवावं लागतंय. आई सांगते, संध्याकाळी माझ्या यायच्या वेळेला चिंगी दाराशी जाऊन बसते आणि बराच वेळ उठत नाही.

तुमची फी ६८,००० रुपये पूर्ण परत करा. दुसऱ्या लसीचा, रक्ततपासणीचा आणि माझ्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचा खर्च द्या. "चालतं" असं कोणत्या आधारावर सांगितलं, तेही लेखी कळवा. आणि तुमच्या फॉर्मात चिपची तारीख भरल्याशिवाय लसीचा रकाना भरताच येणार नाही, एवढं आजच करा. दुसऱ्या कुणाचं जनावर असं मागे राहायला नको.

लसीचं कार्ड, चिपची नोंद आणि पैसे भरल्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
चिंगीची मालकीण