मुंकची किंमत कळली, आता प्रिंट्स पण दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चित्रकार एडवर्ड मुंकच्या ‘द स्क्रीम’ या चित्रावर चांगलं अर्धं पान दिलंत, बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे चित्रकलेला जागा मिळते ती बहुतेक बक्षीस समारंभाच्या फोटोपुरतीच. पण लेख वाचून संपला तरी हातात काय आलं तर १९९४ ला चोरी, २००४ ला परत चोरी आणि २०१२ च्या लिलावात त्यानेच केलेल्या एका आवृत्तीला जवळपास १२ कोटी डॉलर, वर त्याचं पिणं आणि वेड. माणूस कुठंय यात? आणि तो पेंटर होता तितकाच प्रिंटमेकर, म्हणजे पत्रा, दगड, लाकूड यांवर स्वतः चित्र करून त्याचे छाप काढणारा होता याबद्दल एक ओळ पण नाही, म्हणून हे पत्र.

मी ड्रॉइंग टीचर म्हणून रिटायर झालो, आता घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं येतात. मध्ये एका ग्रुप प्रदर्शनासाठी माझे दोन लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेले छाप, घेऊन गेलो तर तिथल्या माणसाने विचारलं, काका, ओरिजिनल आहे की प्रिंट? म्हटलं प्रिंटच ओरिजिनल आहे. तर म्हणाला, मग नाही चालणार, आम्ही प्रिंट घेत नाही. आता हे मुंबईपुण्यात ऐकलं असतं तर सोडून दिलं असतं पण नाशिकमध्ये?? जिथं नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, निम्म्या नाशिकरोडच्या घरात कुणी ना कुणी प्रेसमध्ये होतं, माझे वडीलही होते. पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवून बघा, शाई उठलेली लागते. ते इंटॅग्लिओ. प्लेटवर खोदलेल्या रेषेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि जोराचा दाब देऊन कागदाला ती शाई रेषेतून उचलायला लावायची. मुंकने १८९४ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा प्रिंट्स केल्या त्या याच जातीच्या, तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून. त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. सुईने तांब्याची जी बारीक कड उचलली जाते तिच्यात शाई अडकते म्हणून रेष मखमली येते आणि थोड्याच कॉपीज काढल्या की ती कड दबून जाते, संपलं.

आता माणूस. नॉर्वेचा, जन्म १८६३, वडील मिलिटरीत डॉक्टर आणि भयंकर देवभोळे. पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली, तेराव्या वर्षी मोठी बहीण सोफी त्याच आजाराने गेली. तिचं आजारपण त्याने १८८५-८६ मध्ये ‘द सिक चाइल्ड’ म्हणून रंगवलं, रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा, असं करत करत, आणि प्रदर्शनात लोकांनी टिंगल केली की हे अर्धवटच सोडलंय. त्याने मात्र तो विषय सोडला नाही, पुढच्या चाळीस वर्षांत त्याची सहा पेंटिंग्ज केली आणि शिवाय ड्रायपॉइंट, लिथोग्राफ वेगळे. १८९६ चा पॅरिसमधला लिथोग्राफ तर मिळेल तिथे बघाच. लिथो म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई तेलकट जागीच धरते. रंगीत असेल तर प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड. तर पॅरिसमध्ये ऑग्युस्त क्लो नावाच्या नामी छपाईवाल्याकडे सोफीच्या चेहऱ्याचे दगड ओळीने मांडलेले आणि मुंक त्यांच्यासमोर डोळे घट्ट मिटून उभा, हवेत बोट फिरवत रंग सांगतोय, छापा, करडा, हिरवा, निळा, तपकिरी. हे तिथं आलेल्या दुसऱ्या एका चित्रकाराने सांगून ठेवलंय. त्यामुळे एकाच चित्राच्या कॉपीज एकमेकींसारख्या नाहीतच, एकीत पोरगी तापाने लाल तर दुसरीत विझत चाललेली. याला झेरॉक्स कोण म्हणेल सांगा.

लाकडाचं तर अजून भारी. तेव्हा रंगीत वुडकट, म्हणजे लाकूड कोरून काढलेला छाप, म्हटलं की साधारण दर रंगाला एक ठोकळा कोरायचे. याने एकच फळी घेतली आणि करवतीने तिचे तुकडे केले, ‘द लोनली वन्स’मध्ये समुद्राचा तुकडा वेगळा, किनाऱ्याचा वेगळा, मग प्रत्येकाला वेगळी शाई लावून परत जुळवून एका दमात छापलं. करवत जिथून गेली तिथे पांढरी फट राहते आणि तीच त्या एकट्या उभ्या बाईभोवती रेष होऊन बसते. ‘द किस’च्या वुडकटमध्ये तर त्याने लाकडाच्या शिरा तशाच दिसू दिल्या. आमच्या क्लासमधली पोरं लिनो कापताना गॅप राहिली की रडकुंडीला येतात, त्यांना मी हेच दाखवतो.

लेखात पिण्याबद्दल आणि वेडाबद्दल बरंच रंगवलंय. १९०८ ला तो कोपनहेगनच्या क्लिनिकमध्ये होता हे खरं, पण त्यानंतर हा माणूस आणखी ३५ वर्षं जगला आणि काम करत राहिला, ओस्लो विद्यापीठाच्या हॉलमधला तो प्रचंड सूर्य त्यानंतरचाच आहे. तेवढं सोयीस्कर विसरलं जातं. १८९२ ला बर्लिनमध्ये त्याचं प्रदर्शन आठवड्याभरात बंद पाडलं तर त्यामुळेच तो जर्मनीत गाजला, आणि त्याच जर्मनीत १९३७ ला नाझींनी त्याची ८२ कामं म्युझियममधून काढून टाकली. १९४४ ला गेला तेव्हा स्वतःजवळचं सगळं ओस्लो शहराच्या नावे करून गेला. हजाराच्या वर पेंटिंग्ज आणि प्रिंट्स पंधरा हजारांहून जास्त. पेंटिंग विकायला त्याचा जीव व्हायचा नाही, त्यांना तो पोरं म्हणायचा, विकलं की बऱ्याचदा तेच परत रंगवायचा. प्रिंट मात्र विकता येते आणि घरीही राहते.

आपलं नाशिक वॉटरकलरवाल्यांचं आहे, शिवाजी तुपे सरांचं, त्याचा मला अभिमानच आहे, पण प्रदर्शनांत एखादी भिंत प्रिंटवाल्यांना द्यायला काय हरकत आहे. प्रेस महाग पडते हे मान्य, पण लिनो आणि वुडकटला चमच्याची पाठ घासूनही छाप निघतो.

तुमच्याकडे एवढीच मागणी आहे की १२ डिसेंबरला मुंकचा जन्मदिवस येतो, त्या आठवड्यात ‘द स्क्रीम’चा १८९५ चा लिथोग्राफ छापा. खाली त्याने जर्मनमध्ये लिहिलंय की निसर्गातून आरपार जाणारी मोठी किंकाळी मला जाणवली, म्हणजे पुलावरचा माणूस स्वतः ओरडतोय असं नाही, तो कान झाकतोय. रंगीत पानही लागणार नाही, तो काळ्या शाईतलाच आहे, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या ‘ला रेव्ह्यू ब्लांश’ नियतकालिकात छापून आलेला आहे, तेव्हा तुमच्या कागदावरही चांगला उठेल.

आपला,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड