गॅराडीस सरोवरावरच्या त्या दोघांचे आभार

आयर्लंडच्या लेट्रिम काउंटीत, शॅनन-अर्न जलमार्गावरच्या गॅराडीस सरोवरात शनिवारी आमची भाड्याची बोट बंद पडली. पंख्यात पाणवेली गुंतलेल्या, वारा बोटीला काठच्या लव्हाळ्यात ढकलतोय आणि आई डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय. मासे धरायला आलेले दोघे गळ गुंडाळून लगेच आले, दोर बांधून आम्हाला धक्क्यापर्यंत ओढत नेलं. त्यातल्या काकांनी बाही सारून, त्या गार पाण्यात हात घालून पंखा मोकळा केला. वर आईला थर्मासमधला चहा दिला!

१८६० साली पुरा झालेला हा कालवा शंभराहून अधिक वर्षं ओसाड पडला होता, १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला, हे त्यांच्याकडूनच कळलं.

गडबडीत नावं विचारायची राहिली. काका, दादा, मनापासून आभार. आई रोज तुमच्यासाठी देवापुढे हात जोडते.